बेकारी : तिची कारणे, तिचे परिणाम व आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी बेकारीसारखा विषय घ्यावा हे कित्येकांस रुचणार नाही. सणाच्या पंगतीत कोणी कर्जाची गोष्ट काढावी, तसे ते त्यांस वाटेल. परंतु ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला, तर आजच्या दिवशी ह्याच विषयाचा विचार करणे उचित, किंबहुना प्राप्त आहे, असे आढळून येईल. जुन्या करारातील लेवीयाच्या पुस्तकात परमेश्वराने इस्राएल लोकांस अशी आज्ञा केली आहे की, सात वेळा सात वर्षे लोटल्यावर पन्नासावे वर्ष पवित्र मानावे व देशभर शिंग फुंकावे. गरिबीमुळे ज्याची वतनाची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. आणि पोटासाठी ज्याने स्वतःस दुसऱ्याच्या चाकरीत विकले असेल, त्याने मोकळे होऊन मुलाबाळांसह आपल्या घरी जावे. म्हणजे ज्युबिली हा मुळात रोषणाईचा सण नव्हे. कर्जातून व वेठीतून सुटलेला मजूर आपल्या घरी परतला, त्याचा तो सण होय.

आपल्या जिल्ह्याच्या जन्मतिथीतही असाच एक योग आहे. औरंगाबाद व परभणी ह्या जिल्ह्यांतील तालुके घेऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. १ मे हा महाराष्ट्र राज्याचा स्थापनादिन, जगातील मजुरांचा दिवस, आणि १९५५ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी ठरवून दिल्यापासून श्रमिक संत योसेफाचा सण. त्याच वर्षी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी मानवी श्रमाविषयीचे आपले परिपत्र प्रसिद्ध केले. ज्या जिल्ह्याचा जन्म श्रमाच्या सणादिवशी झाला, त्यातील हजारो श्रमिकांस दरवर्षी श्रमासाठी जिल्हा सोडावा लागतो, ही वस्तुस्थिती आपणांस विचार करावयास लावणारी आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. बेकार म्हणजे आळशी, असे पुष्कळ सुखवस्तू लोक समजतात. 'ज्याला काम पाहिजे त्याला काम मिळतेच' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला ह्या बाबतीत फार बोधप्रद आहे. मळ्याचा धनी पहाटेपासून दिवस मावळण्याच्या सुमारापर्यंत वारंवार बाजारात जातो व दरवेळी त्यास माणसे रिकामी उभी असलेली दिसतात. शेवटच्या प्रहरी तो त्यांस कारण विचारतो, तेव्हा ते सांगतात की आम्हांस कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांस आळशी म्हणत नाही. तो त्यांचे म्हणणे खरे धरतो, त्यांस कामावर पाठवितो, आणि संध्याकाळी घरी चूल पेटावी एवढी मजुरी देतो. जालन्याच्या चौकात सकाळी डबा घेऊन जे स्त्रीपुरुष उभे राहतात व ऊन चढल्यावर तसेच परत जातात, त्यांचे उत्तर ह्याहून निराळे नाही.

आपल्या भागात बेकारीची रूपे तीन आहेत. पहिली उघडी बेकारी : शिकलेला तरुण, हातात पदवी, आणि कामाचा पत्ता नाही. दुसरी झाकलेली बेकारी : तीन एकर जमिनीवर बाप व तीन मुलगे राबतात, पण त्यांतील दोघे निघून गेले तरी पीक एका पोत्याने कमी होत नाही. तिसरी हंगामी बेकारी : पावसाळ्यात हातास उसंत नाही, आणि कापसाची वेचणी आटोपली की पुढल्या मृगापर्यंत हात रिकामे. सरकारी मोजणीत बहुधा पहिलीच दिसते. आपल्या घरांचा नाश मात्र तिसरी करते, व तीविषयीच मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

आता कारणांकडे वळू. 'जालना सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. कापसाच्या व्यापाराचे हे पूर्वीपासूनचे ठाणे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले ह्यांनी येथे संकरित बियाण्यांची कंपनी स्थापिली. पुढे १९९८ मध्ये त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी शहरास पोलादनगरी हे नाव मिळवून दिले. येथील मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. मग सोन्याच्या पाळण्यातले लेकरू उपाशी का?

पहिले कारण पाणी. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती व पाचांतील चारजण खेड्यांत राहत होते. खेड्यातील माणसाचे पोट शेतीवर आणि शेतीचे पोट आभाळावर. गोदाकाठी, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आसपास, अंबड व घनसावंगी तालुक्यांत ऊस उभा राहतो. पण भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, मंठा ह्या तालुक्यांतील बहुतेक जमीन कोरडवाहू. तीत कापूस, सोयाबीन, तूर एवढे एकच पीक हाती लागते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांस आठवतो. २०१२-१३ चा तर आपण सर्वांनी पाहिला. मोसंबीच्या वाढलेल्या बागा वाळल्या, लोकांनी त्या कुऱ्हाडीने तोडून सरपणास नेल्या. बाग वाळली की केवळ मालक बुडतो असे नव्हे. तिला आळी करणारा, छाटणारा, फळे तोडून भरणारा असे कित्येक हात तिच्याबरोबर रिकामे होतात.

दुसरे कारण जमिनीची वाटणी. पणजोबाचे तीस एकर पणतवापाशी दोन-तीन एकर होऊन येतात. त्यात बैलजोडी परवडत नाही, म्हणून ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो. खुरपणीच्या जागी तणनाशक आले, सोयाबीन मळणीयंत्रातून निघू लागले. यंत्रास दोष देण्यात अर्थ नाही. त्याने कष्ट हलके केले. परंतु खुरपणीवर ज्या विधवेचा संसार चालत होता, तिच्या हातास दुसरे काम कोणी शोधून दिले नाही.

तिसरे कारण असे की, आपल्या जिल्ह्यातील कारखानदारी भांडवल पुष्कळ मागते व माणसे त्या मानाने थोडी. भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या कारखान्यात विजेचे बिल मोठे असते, पण हजेरीपट लहान. त्यातही भट्टीपुढच्या जिकिरीच्या कामावर बिहार, उत्तर प्रदेश इकडून आलेले मजूर मोठ्या संख्येने दिसतात. म्हणजे परप्रांतीचा मनुष्य पोटासाठी जालन्यास येतो आणि जालन्याचा मनुष्य पोटासाठी कोल्हापूर-सांगलीकडे व कर्नाटकात जातो. ह्यात त्या परप्रांतीयाचा अपराध काहीच नाही. तोही आपल्यासारखाच घर सोडून आलेला आहे. आपण विचारावयाचे ते एवढेच की, कारखान्यास लागणारे फिटर, वेल्डर व वीजतंत्री आपल्या खेड्यांतून का निघाले नाहीत?

ह्या प्रश्नातच चौथे कारण आले. शिक्षण व काम ह्यांची आपल्याकडे फारकत झाली आहे. मुलगा पदवी घेतो व शहरात खोली करून स्पर्धापरीक्षेची तयारी करतो. जागा शेकड्यांनी, उमेदवार लाखांनी. पाच-सहा वर्षे गेल्यावर तो परततो तेव्हा शेतात त्याचे मन लागत नाही आणि हातात कसब नसते. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी ह्या लहानशा गावाचे नाव आरक्षणाच्या आंदोलनामुळे देशभर गाजले. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, सरकारी नोकरीची आशा हीच जेथे तरुणाची एकमेव आशा होऊन बसते, तेथे शेती व उदीम दोन्ही थकले आहेत, एवढे त्यावरून निश्चित कळते.

पाचवे कारण आपल्या समाजापुरते आहे आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. मराठवाड्यातील बहुसंख्य कॅथलिक कुटुंबे अस्पृश्य मानिलेल्या जातींतून ख्रिस्तसभेत आली. त्यांच्यापाशी वतनाची जमीन नव्हती किंवा अगदी थोडी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्या शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस लाभल्या, परंतु ख्रिस्ती झालेल्यांस त्या मिळाल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रसरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या प्रश्नावर आयोग नेमिला. न्याय मागणे हे आपले कर्तव्यच आहे. तथापि न्याय येईतो घरातील चूल थांबत नाही, म्हणून जे आपल्या हाती आहे तेही पाहिले पाहिजे.

बंधुभगिनींनो, आता परिणामांकडे पाहू. गणपती-गौरीच्या दिवसांत, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, कापूस अजून बोंडात असतो. खतबियाण्याची उधारी चढलेली असते, घरात कोणी तापाने पडलेले असते, मुलीच्या लग्नाचे राहिलेले देणे असते. अशा वेळी मुकादम दारी येतो व रोख रक्कम पुढे ठेवितो. ह्या रकमेचे नाव उचल. हल्ली एका जोडीस पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही उचल दिली जाते. ऊसतोडीच्या भाषेत नवराबायको मिळून एक कोयता. कोयत्याने ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोईवर वाहून गाडी भरावयाची. व टनामागे जी मजुरी होईल ती उचलीतून वळती करून घ्यावयाची. आजारपणामुळे खाडा पडला तर तोही खाती लिहिला जातो. दिवाळीच्या आगेमागे गेलेली टोळी चैत्राच्या सुमारास परतते तेव्हा कित्येकांच्या नावावर पैसे फिटण्याऐवजी उरलेले असतात, आणि ते फेडण्यासाठी पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते.

येथे मर्माची गोष्ट ध्यानात घ्या. ह्या मनुष्यास काम नाही असे नव्हे. वर्षातील सहा महिने तो व त्याची बायको पहाटे तीनपासून राबतात. तरीही त्याचा रोग बेकारीच आहे. भाद्रपद-आश्विनात त्याचे हात रिकामे होते, म्हणून त्याने कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे आपले हात आधीच विकून टाकले. मोकळ्या मनुष्याचे काम आणि त्याचे काम ह्यांत हाच भेद आहे. मोकळा मनुष्य आधी काम करतो व मग दाम घेतो. ह्याने आधी दाम घेतले व ते केव्हाच खर्चून गेले. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उचलीचा फास जोवर गळ्यात आहे, तोवर वाढलेला दर बराचसा जुन्या देण्यातच जिरतो.

पोप तेरावे लिओ ह्यांनी १५ मे १८९१ रोजी मजुरांच्या स्थितीविषयी जे सुप्रसिद्ध परिपत्र काढिले, त्यात नेमके हेच तत्त्व सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, गरजेने किंवा त्याहून मोठ्या अरिष्टाच्या भयाने मजुराने जाचक अटी कबूल केल्या, तर त्या कबुलीस खुशीचा करार म्हणता येत नाही. ती मजुरावर झालेली बळजबरी होय. मुकादमाच्या वहीवरील अंगठा ह्या कसोटीस लावून पाहा. १९२९ नंतरच्या जगव्यापी मंदीत लक्षावधी लोक बेकार झाले, तेव्हा १९३१ मध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी त्या शिकवणुकीस पुन्हा उजाळा दिला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ च्या परिपत्रात आणखी एक पाऊल टाकले. मजुरास प्रत्यक्ष कामास लावणारा जो मालक, त्याच्या मागे एक अप्रत्यक्ष मालकही असतो, असे ते सांगतात. ज्या ज्या व्यक्ती, संस्था व शासनव्यवस्था कामाच्या अटी ठरवितात त्या सर्व त्यात आल्या. मुकादम हा तर ह्या साखळीतील एक कडी. तोही कारखान्याकडून वा वाहतूकदाराकडून पैसे उचलतो व टोळी पळाली तर स्वतः बुडतो. कारखाना, बँक, सरकार आणि चहात साखर घालणारे आपण, ह्या सर्वांपर्यंत ती साखळी पोहोचते. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव धारण केले, ते तेराव्या लिओंच्या ह्या श्रमविषयक शिकवणुकीचे स्मरण ठेवून. यावरून हा विषय ख्रिस्तसभेच्या मते जुना झालेला नाही हे उघड आहे.

उचलीचे परिणाम घरात शिरून पाहिले पाहिजेत. आईबाप फडावर गेले की मूल एक तर आजीपाशी राहते किंवा पालात जाऊन धाकट्या भावंडास सांभाळते. दिवाळीनंतर शाळेच्या हजेरीत त्याच्या नावापुढे रेघा पडू लागतात आणि दोन-तीन हंगामांनंतर त्याचे नावच राहत नाही. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवण्याची आईस भीती वाटते, म्हणून तिचे लग्न वयाआधी उरकले जाते. शिवाय लग्न झाले की नवे जोडपे म्हणजे नवा कोयता व नवी उचल. फडावर प्रसूत झालेल्या स्त्रीस विश्रांती नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये एवढे डोळ्यांत आले की शासनास समिती नेमून चौकशी करावी लागली. काम बुडू नये म्हणून शरीराचा अवयव काढून टाकावा, इतकी मजल जेथे जाते तेथे बेकारी हा केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न उरत नाही.

मागे गावात राहिलेल्या तरुणाची गत निराळी पण तितकीच शोचनीय. काम नसलेल्या मनुष्याचा प्रथम पैसा जातो, मग पत जाते आणि शेवटी स्वतःविषयीचा आदर जातो. तो चारचौघांत बसावयाचे टाळतो, मिस्साबलिदानास मागल्या दाराशी उभा राहतो, व पुढे येईनासा होतो. कोणी दारूकडे वळतो. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. अशा घरी सांत्वनास जाणे हे धर्मकृत्य होयच, परंतु तशी वेळ येऊ न देणे हे त्याहून मोठे धर्मकृत्य होय.

मग उपाय काय? सुदैवाने उपाय नवे शोधावयाचे नाहीत. पुष्कळ आपल्या प्रांतातच करून पाहिलेले आहेत. आपल्या जालन्याजवळच प्रॉटेस्टंट बंधूंपैकी रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली, ती शेतजमीन मिळवून आणि लोकांस धंदे शिकवून. बाप्तिस्म्याबरोबर भाकरीचाही विचार केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्राने तर ह्या बाबतीत देशास वाट दाखविली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली व १९७२ च्या दुष्काळात तिने कित्येक कुटुंबे जगविली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, स्त्रीपुरुषांस सारखा दर, ही तिची तत्त्वे. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसायकर बसविला गेला. मुंबईतील नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या रुपयावर मराठवाड्यात पाझर तलाव खोदला जावा, ह्यापेक्षा एकमेकांची ओझी वाहण्याचे चांगले उदाहरण कोणते सांगावे? २००५ मध्ये केंद्रसरकारने कुटुंबामागे वर्षास १०० दिवसांच्या कामाचे वचन कायद्याने दिले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचे वचन देणारा नवा कायदा संमत केला. परंतु वचन कागदावरून बांधावर आणावयाचे तर लेखी मागणी करावी लागते व तिची पोच घ्यावी लागते. ती आपण करितो काय? आणि दुसरी अडचण अशी की, सरकारी कामाचा दाम काम झाल्यावर, कधी कधी पुष्कळ उशिरा, हाती येतो. मुकादमाचा दाम कामाआधी येतो. आजारी मूल मांडीवर असलेली आई कोणाकडे जाईल, हे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण आपल्याच तालुक्यातील कडवंची गावाचे. येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाकर ह्यांनी अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) सामाजिक कार्य करीत असता पाणलोट विकासाची चळवळ उभी केली. तिच्यातूनच जर्मनीच्या साहाय्याचा व नाबार्डच्या देखरेखीचा इंडोजर्मन पाणलोट कार्यक्रम निघाला. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो कडवंचीस आला. स्थानिक काम विजयअण्णा बोराडे ह्यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने हाती घेतले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावयाचे, गावाने श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची, अशा अटी होत्या. गावाने त्या पाळिल्या. पुढे तेथे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि २०१२ च्या अवर्षणातही त्या तगून राहिल्या. द्राक्षास एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग विरळणी, मग तोडणी, असे हात जवळजवळ बारमास लागतात. ज्या मोसमात इतर गावांतून टोळ्या निघतात, त्याच मोसमात कडवंचीस काम असते. पाऊस तेथे शेजारच्या गावाहून अधिक पडला असे नव्हे. पडलेला पाऊस तेथल्या लोकांनी अडवून ठेविला, एवढाच फरक.

तिसरे उदाहरण आपल्या वसईच्या कॅथलिक बंधूंचे. १९१८ मध्ये त्यांनी एक सहकारी पतपेढी स्थापिली. गरजू शेतकऱ्यास सावकाराच्या दारी जावे लागू नये, हा अशा पतपेढ्यांचा हेतू. थेंबाथेंबाने वाढत तिचीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. धर्मग्रामाच्या मंडपात सुरू झालेले काम किती दूर जाते, ह्याचे हे प्रमाण होय.

ह्या सर्वांवरून आपल्या धर्मग्रामाने काय करावे, ते मी चार कलमांत मांडतो.

पहिले कलम, उचलीविरुद्ध पेढी. आपल्यापैकी दोनशे कुटुंबांनी महिन्यास शंभर रुपये टाकिले, तर वर्षास २ लाख ४० हजार रुपये होतात. एवढ्याने सर्वांची उचल फिटणार नाही हे मी जाणतो. परंतु मोठ्या उचलीचे मूळ बहुधा दहा-पंधरा हजारांच्या एखाद्या अडचणीत असते : दवाखाना, बियाणे, मुलाचे शुल्क. ती अडचण भाद्रपदात आपल्या पेढीने भागविली, तर निदान ते कुटुंब कोयता उचलावा की नाही हे मोकळ्या मनाने ठरवू शकेल. पेढी रीतसर नोंदविलेली असावी, हिशेब दर महिन्यास दारावर लावावा, आणि कर्ज देताना दोन स्त्रियांची संमती असावी. घरातील खरी निकड त्यांस अधिक कळते.

दुसरे कलम, मुलांची नोंद. दसऱ्याआधी कोणती कुटुंबे बाहेर जाणार, त्यांची मुले किती, ह्याची यादी प्रत्येक वस्तीच्या प्रमुखाने करावी. शासनाच्या हंगामी वसतिगृहांची सोय ह्याचसाठी आहे; तेथे नाव घालण्याचे काम आपण अंगावर घ्यावे. जेथे सोय नसेल तेथे धर्मभगिनींच्या मार्गदर्शनाखाली मागे राहिलेल्या मुलांची रात्रीची जेवणाची व अभ्यासाची व्यवस्था करावी. एका हंगामात एक मूल शाळेत राहिले, तर पुढल्या पिढीतील एक कोयता कमी झाला.

तिसरे कलम, कसब. दहावीनंतर मुलामुलींस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठविण्याविषयी आपल्या मनात एक प्रकारचा कमीपणा आहे. तो सोडला पाहिजे. आपला प्रभू वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत सुताराच्या दुकानात राबला. ज्याच्या हातांनी रंधा धरला त्याच्या भक्तांनी पान्यास कमी लेखू नये. जालन्याचे कारखाने आपल्या दारात आहेत. त्यांस लागणारे हात आपल्या मुलांचे होऊ शकतात.

चौथे कलम, पाणी व कामाची मागणी. प्रत्येक गावातील आपल्या लोकांनी ग्रामसभेत बसावे, हंगामी कामाची मागणी सर्वांनी मिळून आगाऊ, श्रावणातच, लेखी करावी, व ती मागणी बंधारे, नाला खोलीकरण, शेततळी अशा कामांची असावी. ही गोष्ट केवळ ख्रिस्ती लोकांच्या हिताची नव्हे. ओढ्यास धर्म नसतो. तो अडला तर हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सर्वांच्याच विहिरींस पाझर फुटतो. कामात सर्व शेजाऱ्यांस बरोबर घ्यावे, नव्हे, पुष्कळदा त्यांच्याच मागून चालावे.

कोणी म्हणेल, ही कामे सरकारची. देवळाने प्रार्थना करावी. प्रार्थना तर करावीच. पण आपण रोजच्या प्रार्थनेत भाकर मागतो ती एकट्यापुरती मागत नाही, सर्वांसाठी मागतो. जो सर्वांच्या वतीने भाकर मागतो, त्याने ती सर्वांस कशी मिळेल ह्याचाही विचार केला पाहिजे. पूर्वीच्या धर्मगुरूंनी ह्या मुलुखात बैलगाडीने व पायी हिंडून श्रद्धेचे बी पेरिले, ते दुष्काळात धान्य वाटून, रोग्याच्या उशाशी बसून, मुलांस अक्षर शिकवून. त्यांच्या श्रमाचे फळ म्हणजे आजची ही सभा. तिचे ऋण आपण केवळ स्मरणिका छापून फेडू शकत नाही.

सुवर्णमहोत्सवाची कमान चार दिवसांनी उतरेल. येत्या दसऱ्यास ह्या धर्मग्रामातून किती कोयते निघाले व त्यांतील किती उचलीविना निघाले, हे आपण मोजावे. त्याच्या पुढल्या दसऱ्यास पुन्हा मोजावे. एका जरी कुटुंबाने आपले वर्ष आगाऊ न विकता घरी दिवाळी केली व नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सास मुलाबाळांसह आपल्याच देवळात गुडघे टेकले, तर परमेश्वराने सांगितलेली ज्युबिली त्या घरापुरती खरी झाली असे समजावे. ते शिंग फुंकण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.

नासरेथच्या घरात ज्याने घामाची भाकर मिळविली तो श्रमिक संत योसेफ आपणांसाठी विनवणी करो. पवित्र मरिया कामासाठी परगावी गेलेल्या आपल्या भावाबहिणींस सुखरूप घरी आणो. आणि प्रभू येशू ख्रिस्त आपल्या हातांच्या कामास यश देवो. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.